क्रिस्परवाल्या दोघी आणि बाकीच्याही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

८ मार्च आला की जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए ह्या दोन शास्त्रज्ञांचा फोटो असलेलं ते फॉरवर्ड फिरायला लागतं, "ह्या दोन महिलांनी निसर्गाचं पुस्तकच बदललं" वगैरे, आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. कौतुक होतंय ह्याचा आनंदच आहे, पण केलं काय असं विचारलं की बहुतेकांची गाडी "कॅन्सर बरा केला ना?" इथेच अडकते. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते त्यामुळे हे प्रश्न वर्गात येतात, स्टाफरूममध्ये येतात आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा येतात, म्हणून एकदाच बसून सगळी उत्तरं लिहून काढली. माझं मत थोडक्यात असं आहे की पाया पडण्याआधी काम समजून घ्या, काम समजलं की आदर आपोआप दुप्पट होतो.

कोण आहेत ह्या दोघी?

जेनिफर डाउडना अमेरिकन, जन्म १९६४ चा, लहानपण हवाई बेटावरच्या हिलो नावाच्या गावात गेलं, आता कॅलिफोर्नियात बर्कलीला प्रोफेसर. इमॅन्युएल शार्पांतिए फ्रेंच, जन्म १९६८ चा, पॅरिसजवळच्या एका गावातल्या, सध्या बर्लिनला मॅक्स प्लँकमध्ये. दोघींना मिळून २०२० चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, जीन एडिटिंगची पद्धत शोधल्याबद्दल, म्हणजे क्रिस्पर वापरून डीएनए हव्या त्या जागी कापून बदलायची पद्धत.

डाउडना म्हणजे आरएनएच्या, डीएनएच्या त्या चुलत भावाच्या, तज्ज्ञ. आरएनएचा रेणू कसा वळतो, कसा दुमडतो, त्याचा आकार काय हे शोधण्यात त्यांची वर्षानुवर्षं गेली होती. शार्पांतिए मायक्रोबायोलॉजिस्ट, म्हणजे बॅक्टेरियावाल्या, त्यातही घसा सुजवणारा, कधीकधी मांस सडवणारा स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस हा त्यांचा जुना गिऱ्हाईक. ही एवढी माहिती लक्षात ठेवा, पुढे लागेल, कारण एकटीला जमलं नसतं असं ते काम होतं.

त्यांनी नक्की काय शोधलं? क्रिस्पर तर बॅक्टेरियात आधीपासून होतंच ना?

होतंच की. हा प्रश्न जो विचारतो त्याला मी मनातल्या मनात दहापैकी दहा देते.

झालं असं की १९८७ मध्ये जपानमध्ये ओसाकाला इशिनो ह्यांच्या टीमला बॅक्टेरियाच्या डीएनएमध्ये पुन्हापुन्हा येणारे विचित्र तुकडे दिसले, त्यांनाच पुढे क्रिस्पर हे नाव पडलं. मग स्पेनच्या फ्रान्सिस्को मोहिका ह्यांनी वर्षानुवर्षं त्याच्यामागे लागून सांगितलं की मधेमधे जे तुकडे बसलेत ते व्हायरसचे आहेत, म्हणजे ही बॅक्टेरियाची इम्युनिटी असणार. पोलीस स्टेशनच्या भिंतीवर वाँटेड लोकांचे फोटो लावतात तसं बॅक्टेरिया जुन्या व्हायरसचा छोटा तुकडा स्वतःच्या डीएनएत लावून ठेवतो, आणि तोच व्हायरस परत आला की ओळखून त्याचा डीएनए कापतो. २००७ मध्ये दही-योगर्टचं विरजण बनवणाऱ्या डॅनिस्को कंपनीतल्या लोकांनी हे प्रयोग करून सिद्ध केलं.

पण कापतो कोण आणि कसा, नेमके किती भाग लागतात, हे कोडं शिल्लक होतं. कापणारं प्रोटीन कॅस९, आणि त्याला "इथे काप" असं सांगणारा एक छोटा आरएनए, एवढं माहीत होतं, तरी गणित सुटत नव्हतं. शार्पांतिए ह्यांच्या टीमला तिथे एक आगंतुक आरएनए सापडला, ट्रेसर आरएनए, ज्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. २०११ मध्ये त्यांनी दाखवलं की हा नसेल तर तो मार्गदर्शक आरएनए तयारच होत नाही. मग डाउडनांच्या लॅबबरोबर मिळून कळलं की हा ट्रेसर फक्त तयार करून बाजूला होत नाही, कापताना पण तो तिथे बसलेला लागतो, त्याच्याशिवाय कॅस९ ढिम्म.

आता खरी गंमत. दोन आरएनए लागतात हे कळल्यावर बर्कलीत डाउडना आणि त्यांचा पोस्टडॉक (पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करणारा) मार्टिन यिनेक ह्यांनी व्हाइटबोर्डवर ते दोन्ही काढून बघितले, एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्याजवळच येत होती, मग मधे छोटासा वळसा देऊन दोन्ही जोडून एकच का करू नये? केलं. एकच आरएनए, त्याच्या टोकाला २० अक्षरं, ती अक्षरं आपण बदलली की कॅस९ नवीन जागी जाऊन कापणार. एक जीन घेतला, त्यावर पाच वेगवेगळ्या जागा ठरवल्या, पाच आरएनए बनवले, आणि टेस्टट्यूबमध्ये ठरवलेल्या जागीच कट पडले. २८ जून २०१२ ला सायन्स जर्नलमध्ये पेपर आला. म्हणजे निसर्गात होती ती व्हायरस मारायची व्यवस्था, ह्यांनी तिचं कोणालाही वापरता येईल असं टूल केलं. माझ्या मते ते दोन आरएनए जोडणं हा त्या अख्ख्या कथेतला सगळ्यात देखणा क्षण आहे आणि फॉरवर्डमध्ये तो कधीच नसतो.

दोघी भेटल्या कुठे? एकाच लॅबमध्ये होत्या का?

छे, कधीच नाही. २०११ च्या मार्चमध्ये पोर्तो रिकोच्या सान हुआनला मायक्रोबायोलॉजीची कॉन्फरन्स होती तिथे ओळख झाली आणि जुन्या गावाच्या दगडी गल्ल्यांमधून फिरताफिरता शार्पांतिएंनी विचारलं की एकत्र काम करूया का. त्यानंतर एक लॅब बर्कलीत, शार्पांतिए स्वतः स्वीडनमध्ये उमेओला, त्यांचा विद्यार्थी क्रिस्तोफ खिलिन्स्की व्हिएन्नात, ९ तासांचा फरक, इकडचे झोपायला जाणार तर तिकडचे उठणार, सगळं स्काइपवर. ह्यात एक गोड योगायोग असा की यिनेक चेक आणि खिलिन्स्की पोलिश, पण दोघं सीमेच्या अलीकडे-पलीकडे जवळजवळच वाढलेले, त्यामुळे दोघांचं पोलिशमध्ये मस्त जमायचं. पेपरवर पहिले लेखक म्हणून बरोबरीने ह्या दोन पोरांची नावं आहेत हे पण लक्षात असू द्या, पोस्टरवर त्यांना जागा नसते.

नोबेल तर दरवर्षी कोणाला ना कोणाला मिळतं, ह्यांचाच एवढा गाजावाजा का?

कारण विज्ञानाचं नोबेल फक्त बायकांनी वाटून घेतलं, बरोबर एकही पुरुष नाही, असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. १९०१ पासून २०१९ पर्यंत केमिस्ट्रीचं नोबेल १८० हून जास्त जणांना मिळालं आणि त्यात बायका पाच: मेरी क्युरी १९११, त्यांची मुलगी आयरीन १९३५, डोरोथी हॉजकिन १९६४, अदा योनाथ २००९ आणि फ्रान्सेस अरनॉल्ड २०१८. हॉजकिन ते योनाथ मधलं अंतर बघा, ४५ वर्षं! आणि मग २०२० ला एकदम दोघी. त्याच आठवड्यात आंद्रेया गेझ ह्यांना फिजिक्सच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला होता, त्यामुळे तो ऑक्टोबर जगभरच्या लॅबमधल्या बायकांनी सण असल्यासारखा साजरा केला, कोरोना चालू असतानासुद्धा. बर्कलीच्या फॅकल्टीतली नोबेल मिळवणारी पहिली बाई पण डाउडनाच.

डाउडनांना पत्रकाराने झोपेतून उठवलं हे खरं का?

हो. पहाटेचे तीन वाजायला आलेले, फोन वाजला, पलीकडे नेचरची रिपोर्टर, तिला नोबेलवर प्रतिक्रिया हवी होती, आणि ह्यांना पत्ताच नाही की नोबेल कोणाला मिळालं! स्वीडनहून आलेला फोन झोपेत राहून गेला होता. स्टॉकहोमचा सोहळा त्या वर्षी नेहमीसारखा झालाच नाही, मेडल घरी पोचवलं गेलं आणि डाउडनांनी ते बर्कलीत स्वतःच्या घरामागच्या अंगणात घेतलं. बर्कलीत नोबेलवाल्यांना कॅम्पसमध्ये राखीव पार्किंग मिळतं, "एनएल" लिहिलेली पाटी असते. कार पार्किंगसाठी तासभर फिरलेल्या माणसालाच कळेल की हा सन्मान छोटा नाहीये.

लहानपणापासूनच हुशार असतील ना? घरचं वातावरण वगैरे?

डाउडनांचे वडील हवाईत विद्यापीठात साहित्य शिकवायचे. मुलगी शाळेत असताना त्यांनी तिच्या पलंगावर डीएनएच्या शोधाची हकीकत सांगणारं एक पुस्तक ठेवून दिलं, तिला वाटलं डिटेक्टिव्ह कादंबरी आहे, आणि वाचताना कळलं की एका अर्थाने आहेच. त्या पुस्तकात डीएनएचे एक्सरे फोटो काढणाऱ्या रोझलिंड फ्रँकलिनचं वर्णन जरा कुत्सितच आहे, पण ह्या मुलीला त्यातून दिसलं काय, तर बाई शास्त्रज्ञ असू शकते. शाळेतल्या काउन्सेलरने मात्र मुली सायन्स करत नाहीत असं ऐकवलं होतं. आपल्याकडे "बीएड कर, बरं पडेल" म्हणतात त्याचीच हवाई आवृत्ती.

शार्पांतिएंची गोष्ट वेगळी. पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पीएचडी, मग अमेरिका, मग ऑस्ट्रिया, मग स्वीडन, मग जर्मनी, पाच देश. सुटकेस कायम भरलेली, लॅब छोटी, ग्रँट संपत आली की पुढची शोधा. ट्रेसर आरएनएचं काम व्हिएन्नात सुरू झालं तेव्हा त्या काही स्टार नव्हत्या. मला विचाराल तर दोघींपैकी हिचं कौतुक लोक कमी करतात आणि जास्त करायला पाहिजे, पक्की नोकरी आणि मोठं नाव नसताना कोणाचं लक्ष नसलेल्या रेणूच्या मागे लागायला वेगळीच छाती लागते.

"महिला शास्त्रज्ञ" म्हटलेलं त्यांना आवडतं का?

शार्पांतिएंनी नोबेलच्या दिवशीच सांगितलं होतं की मी स्वतःला आधी शास्त्रज्ञ मानते, पण विज्ञानात येऊ बघणाऱ्या मुलींना ह्यातून चांगला संदेश गेला तर हवाच आहे. डाउडनांचं म्हणणं साधारण असं की पुष्कळ बायकांना वाटत राहतं, आपण कितीही केलं तरी पुरुषाने केलं असतं तर जेवढी दखल घेतली असती तेवढी आपली घेतली जाणार नाही, आणि हे नोबेल त्या भावनेला उत्तर आहे. म्हणजे दोघींनी ते नाकारलं पण नाही आणि त्यातच अडकून पण बसल्या नाहीत. आपण "नारीशक्ती" म्हणून पुढे सरकतो आणि ट्रेसर आरएनए राहून जातो, माझी तक्रार तेवढीच आहे.

रोझलिंड फ्रँकलिनवर अन्याय झाला तसा ह्यांच्यावर पण होणार होता म्हणे?

"होणार होता" हे जरा फिल्मी झालं, पण धूर होता तिथे थोडी आग पण होती.

फ्रँकलिनच्या लॅबमधला डीएनएचा एक्सरे फोटो १९५२ चा, तो तिला न विचारता वॉटसनला दाखवला गेला, १९५३ ला वॉटसन-क्रिकने डीएनएची रचना जाहीर केली, १९५८ ला ती ३७ व्या वर्षी कॅन्सरने गेली, १९६२ ला नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्सला. मृत्यूनंतर नोबेल देत नाहीत, त्यामुळे नियमाने ती बाहेरच होती, पण जिवंतपणी तरी श्रेय कुठे मिळालं होतं.

आता २०१६ चं प्रकरण. बोस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटचे प्रमुख एरिक लँडर ह्यांनी सेल जर्नलमध्ये क्रिस्परच्या इतिहासावर मोठा लेख लिहिला. मोहिका वगैरे विसरलेल्या लोकांना त्यात छान जागा दिली, ते चांगलंच केलं, पण डाउडना-शार्पांतिए ह्यांचं काम थोडक्यात उरकलंय आणि ब्रॉडच्याच फेंग झांगना झुकतं माप दिलंय अशी टीका झाली. आणि त्याच वेळी ब्रॉड आणि बर्कली पेटंटवरून भांडत होते, लेखात त्याचा उल्लेख नव्हता! दोघींनी जाहीरपणे हरकत घेतली की आमच्या कामाचं वर्णन बरोबर नाही. सोशल मीडियावर शास्त्रज्ञ, खास करून बायका, जाम भडकल्या, बायकांना इतिहासातून पुसायचा जुनाच खेळ आहे हा असं लोक उघड म्हणायला लागले. १९५३ आणि २०१६ मधला फरक हाच की ह्या वेळी दोघी जिवंत होत्या, नावाजलेल्या होत्या आणि त्यांच्या बाजूने बोलणारे हजारो होते. लोकांच्या कौतुकाचा असाही उपयोग असतो.

मग फेंग झांगचं काय? खरं त्यांनीच केलं म्हणतात.

शांतपणे घ्या. २०१२ चा पेपर टेस्टट्यूबमधला होता. माणसाच्या आणि उंदराच्या पेशींत हे चालतं हे झांग ह्यांनी आणि वेगळं जॉर्ज चर्च ह्यांनी जानेवारी २०१३ मध्ये छापलं, त्याच महिन्यात डाउडनांचाही मानवी पेशींवरचा पेपर आला. बर्कलीवाल्यांनी पेटंटचा अर्ज मे २०१२ मध्ये टाकला होता, ब्रॉडने डिसेंबरमध्ये, पण ब्रॉडने जास्त फी भरून फास्ट ट्रॅक घेतला आणि एप्रिल २०१४ मध्ये त्यांना पेटंट मिळून पण गेलं. तेव्हापासून कोर्टबाजी. २०२२ मध्ये अमेरिकेच्या पेटंट बोर्डाने पेशींमधल्या वापरासाठी ब्रॉडच्या बाजूने निकाल दिला, मे २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने तो बाजूला ठेवून प्रकरण परत बोर्डाकडे पाठवलं. आपल्याकडच्या शेताच्या बांधावरच्या केसेस पण कधीकधी लवकर संपतात.

पण पेटंट म्हणजे धंद्याचा हक्क आणि नोबेल म्हणजे शोधाचं श्रेय. नोबेल तिघांना देता येतं, तिसरी खुर्ची रिकामी ठेवली. माझ्या मते तिथे कोणाला बसवायचंच होतं तर लिथुआनियाच्या विर्गिनियस शिक्षनिस ह्यांचा नंबर आधी लागला असता, त्यांनी जवळपास तेच काम स्वतंत्रपणे केलं, पेपर एका जर्नलने परत पाठवला आणि छापून येईपर्यंत सप्टेंबर २०१२ उजाडला. २०१८ चं कावली प्राइझ मात्र ह्या दोघी आणि शिक्षनिस अशा तिघांना मिळून दिलं गेलं.

ह्या दोघी सोडून जीन एडिटिंगमध्ये बायका नाहीतच का?

आहेत हो, आणि हा प्रश्न कोणी विचारत नाही म्हणून मीच घुसवलाय.

मारिया जेसिन, न्यूयॉर्कच्या. क्रिस्परच्या कितीतरी आधी, १९९४ मध्ये, त्यांनी दाखवलं की सस्तन प्राण्याच्या पेशीत क्रोमोसोमवर एका जागी कट दिला की पेशी तो कट दुरुस्त करायला धावते आणि त्या दुरुस्तीतच आपल्याला हवा तो बदल घुसवता येतो. क्रिस्पर कापतो एवढंच, बदल घडतो तो ह्या दुरुस्तीमुळे. म्हणजे पाया हिचा. २०१९ चा शॉ प्राइझ मिळाला, पण बाहेर किती जणांना नाव माहितीये?

जिलियन बॅनफील्ड, ऑस्ट्रेलियन, बर्कलीलाच असतात, खाणीतल्या आणि मातीतल्या बॅक्टेरियांचा डीएनए वाचतात. २००६ मध्ये त्यांनीच डाउडनांना फोन करून कॉफीला बोलावलं आणि क्रिस्पर म्हणजे काय हे कागदावर काढून सांगितलं. तोपर्यंत डाउडनांनी हे नाव ऐकलेलंच नव्हतं.

अ‍ॅलेक्सिस कोमोर आणि निकोल गॉडेली, दोघी डेव्हिड लिऊ ह्यांच्या लॅबमधल्या. क्रिस्परने डीएनएचे दोन्ही धागे तुटतात, त्यात धोका असतो, मग न तोडता एकच अक्षर बदलता आलं तर? २०१६ मध्ये कोमोरने पहिला बेस एडिटर केला. २०१७ मध्ये गॉडेलीने दुसरा, आणि त्यासाठी लागणारं एन्झाइम निसर्गात नव्हतंच, तर तिने आरएनएवर काम करणारं एक बॅक्टेरियाचं एन्झाइम घेऊन प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या निवड करत करत त्याला डीएनएवर काम करायला लावलं. पोस्टडॉक असताना!

शेतीत चीनच्या गाओ त्साइश्या आहेत, त्यांच्या टीमने भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) न लागणारा गहू एडिटिंगने तयार केला, २०१४ ला पेपर आला. द्राक्षवाल्यांना भुरी म्हणजे काय हे सांगायला नको.

ह्याने रोग खरंच बरे होतात का, का नुसत्याच बातम्या?

एक तरी नक्की. सिकलसेल. आणि हा विषय आपल्या घरातला आहे, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, इकडे नंदुरबार, ह्या पट्ट्यात एसएस पॅटर्न (आजार असलेला) आणि एएस पॅटर्न (नुसता वाहक) हे शब्द आशाताईंपासून आजीबाईंपर्यंत सगळ्यांना माहीत असतात. हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एक अक्षर चुकतं, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग ती कळ, ज्याला झालीय तोच जाणे.

कॅसजेव्ही नावाची क्रिस्परवर आधारित पहिली थेरपी ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ ला मंजूर केली, अमेरिकेने ८ डिसेंबरला. पेशंटच्या बोनमॅरोतल्या मूळ पेशी बाहेर काढतात, क्रिस्परने एक कुलूप तोडतात, त्यामुळे पोटात असताना बाळाला असतं ते हिमोग्लोबिन परत बनायला लागतं, आणि त्या पेशी परत सोडतात. मधे कडक केमोथेरपी घ्यावी लागते, जुनी बोनमॅरो रिकामी करायला, त्यामुळे इंजेक्शन घेतलं आणि घरी गेलं असा प्रकार नाहीये. ही थेरपी आणणाऱ्या दोन कंपन्यांपैकी क्रिस्पर थेरप्युटिक्स ही शार्पांतिएंनी सहसंस्थापक म्हणून काढलेली. २०११ मधला दुर्लक्षित रेणू ते हॉस्पिटलातला पेशंट, बारा वर्षांत.

आणि आता किंमत: २२ लाख डॉलर. म्हणजे अठरा कोटींच्या वर, हॉस्पिटलचं बिल वेगळं. धानोरा-भामरागडच्या माणसाला हा आकडा सांगायचा तरी कसा. भारतात जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं, आणि दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी ह्या सरकारी संशोधन संस्थेने स्वतःची क्रिस्पर थेरपी तयार केलीये, बिरसा मुंडांच्या नावावरून बिरसा १०१, आणि ती पुढे न्यायला पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बरोबर आहे. स्वस्त झाली तर ह्या सगळ्या कौतुकाला विदर्भात खरा अर्थ येईल, तोपर्यंत हायड्रॉक्सियुरिया हे औषध, पाणी भरपूर आणि लग्नाआधी तपासणी हेच.

त्या अमेरिकेतल्या बाळाची बातमी खरी होती का?

खरी. फिलाडेल्फियाच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये एका बाळाला जन्मतः असा आजार होता की शरीरात अमोनिया साचतो आणि मेंदूवर जातो. डॉ. रेबेका अ‍ॅरेन्स-निकलस आणि डॉ. किरण मुसुनुरू ह्यांच्या टीमने फक्त त्याच बाळाच्या चुकलेल्या अक्षरासाठी बेस एडिटर बनवला, सहा महिन्यांत, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिला डोस दिला. मे महिन्यात जगाला कळलं. वापरलेलं टूल गॉडेलीच्या एडिटरच्या घराण्यातलं, आणि हातभार लावणाऱ्यांत डाउडनांची बर्कलीची संस्था पण होती. पूर्ण बरं झालं म्हणणं घाईचं, औषधं कमी झाली आणि बाळ घरी गेलं, एवढं खात्रीने सांगता येतं.

डिझायनर बेबी? ह्यांनीच तो धोका आणला ना जगात?

हा प्रश्न नेहमी जरा चढ्या आवाजात येतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या ह च्यानख्वे ह्याने गर्भावर क्रिस्पर वापरून जुळ्या मुली जन्माला घातल्या, एचआयव्ही होऊ नये म्हणे. त्याने डाउडनांना ईमेल टाकला होता, विषय होता "बाळं जन्मली", वाचून त्या हादरल्या. त्याला नंतर तीन वर्षांची शिक्षा झाली.

पण डाउडना त्याच्या कितीतरी आधी, जानेवारी २०१५ मध्ये, कॅलिफोर्नियात नापाला बैठक बोलावून हेच सांगत होत्या की गर्भाच्या बाबतीत थांबा, आधी चर्चा करा. स्वतःच्या शोधाला लगाम घाला म्हणून स्वतःच फिरणारे शास्त्रज्ञ थोडेच. तरी मला वाटतं ह्यावर प्रश्न विचारत राहायलाच हवेत, आदर वाटतो म्हणून तोंड शिवून बसायचं काही कारण नाही.

आपल्या ताटात पण येणार का हे?

येणारच आहे. ४ मे २०२५ ला दिल्लीत दोन जीनोम एडिटेड भाताचे वाण जाहीर झाले, हैदराबादचा डीआरआर धान १०० उर्फ कमला, आणि पुसा डीएसटी राइस १. बाहेरचा जीन घातलेला नसल्यामुळे बीटी कापसाचे कडक नियम ह्यांना लागत नाहीत, तशी सूट २०२२ मध्येच दिली होती. काही शेतकरी संघटनांचा विरोध आहे, पेटंटचे पैसे कोणाला जाणार हा त्यांचा मुद्दा योग्यच आहे, वर वाचलंत ना कोर्टात काय चाललंय ते.

इतका पैसा कमावला असेल, मग त्याग वगैरे कसला?

त्याग कोण म्हणालं? कंपन्या काढल्यात दोघींनी, डाउडनांच्या तर बऱ्याच. ब्रेकथ्रू प्राइझचे प्रत्येकी ३० लाख डॉलर मिळाले. बाई मोठी म्हणायची तर तिने उपाशी राहूनच काम केलेलं पाहिजे हा आपला जुना रोग आहे. कमवू देत. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या नव्या सुपरकॉम्प्युटरला पण "डाउडना" नाव दिलंय, त्याचा त्रास होत असेल तर पाणी प्या.

माझ्या मुलीला ह्यात जायचंय, काय करावं?

दहावीनंतर सायन्स, आणि बायोलॉजीबरोबर मॅथ्स सोडू नका, हे मी हात जोडून सांगते. पीसीबी घेऊन नीट एके नीट केलं आणि नंतर रिसर्चकडे वळायचं ठरलं तर स्टॅटिस्टिक्स आणि कोडिंगला पोरी अडखळतात, आजकाल एडिटिंगमध्ये अर्धं काम कॉम्प्युटरवर असतं. आयसर पुणे ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची संस्था आहे, त्याची आयएटी परीक्षा वेगळी असते, फॉर्मची तारीख बहुतेकांची चुकते कारण घरात सगळे नीटच्या तारखा बघत असतात. साधी बीएस्सी केली तरी चालतं, मायक्रो किंवा बायोटेक, मग एमएस्सी, मग सीएसआयआर नेट किंवा डीबीटीची परीक्षा देऊन पीएचडीला फेलोशिप. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला येतेच असं नाही, त्याची घरच्यांनी मनाची आणि खिशाची तयारी ठेवायची. आणि सुट्टीत जवळच्या कॉलेजमध्ये पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढणारं) असेल तर तिथल्या मॅडमना विचारून दोन दिवस पिपेट धरायला द्या तिला, हाताला काम आवडतंय का ते तिथेच कळतं.